क्रोममधलं वाळवंट

ऑगस्ट आला की जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे डोळे कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचकडे लागतात. १९५० साली सुरू झालेला तिथला कॉन्कूर, म्हणजे जुन्या देखण्या गाड्यांची स्पर्धा, आता महिन्याच्या तिसऱ्या रविवारी भरतो, समुद्राला खेटून असलेल्या गोल्फ मैदानाच्या अठराव्या फेअरवेवर. बुगाटी, ड्युझेनबर्ग, देलाहे हिरवळीवर ओळीनं उभ्या राहतात आणि परीक्षक वाकून वाकून त्यांचे बोल्ट तपासतात. याच सोहळ्याच्या आवारात एका मांडवात चित्रंही मांडलेली असतात. १९८३ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह फाइन आर्ट्स सोसायटीचे चित्रकार आणि शिल्पकार वर्षानुवर्षं तिथे आपलं काम घेऊन येत आले आहेत. पॅरिसच्या रेत्रोमोबिल या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातही गाड्यांच्या दालनांना लागून चित्रकारांचे गाळे असतात. आणि तिथली चित्रं लोकांच्या फोनवर फिरू लागली की तोच वाद नव्यानं पेटतो: याला कला म्हणायचं का?

वादाला ना नाही, पण तो ज्या तऱ्हेनं घातला जातो ती तऱ्हा भिकार आहे. चित्रकलेचे जाणकार नाक मुरडून सांगतात की ही श्रीमंतांच्या गॅरेजच्या भिंती सजवायची सोय आहे, जाहिरातीची चुलत बहीण. गाडी हुबेहूब उतरवण्यापलीकडे यात आहे काय? गाडीवाले त्यावर उसळून उत्तर देतात की अहो, जरा जवळ जाऊन बघा, फोटो वाटतो फोटो! दोघांनाही आपण एकमेकांच्या विरुद्ध बोलतोय असं वाटतं. खरं तर दोघांच्या हातात एकच फूटपट्टी आहे. हुबेहूबपणा हाच या चित्रांचा गुण, हे दोघांनी मिळून मान्य करून टाकलंय. एकाला तो क्षुल्लक वाटतो, दुसऱ्याला थोर, एवढाच काय तो फरक. माझं म्हणणं असं की ही फूटपट्टीच चुकीची आहे. फोटोशी साम्य असणं वेगळं आणि गाडीशी इमान राखणं वेगळं. मांडवातली बरीच चित्रं पडतात ती पहिल्याला दुसरं समजल्यामुळे, आणि जी थोडी चित्रं खरोखर मोठी असतात ती याच दोहोंतलं अंतर ओळखल्यामुळे.

हे अंतर डोळ्यांनी बघता येतं. क्रोमचा बंपर घ्या. तो आडवा ठेवलेला फुगीर आरसा असतो. सगळ्यात वरच्या कडेला माथ्यावरचं आकाश दिसतं, गडद निळं. नजर खाली आणावी तसं ते फिकट होत जातं आणि क्षितिजाशी जवळजवळ पांढरं होतं. मग मधोमध एक बारीक काळसर रेघ. समोरची झाडं, इमारती, बघे, सगळं त्या रेघेत चेपून बसलेलं. तिच्याखाली जमीन. ही जमीन डांबराची असेल तर करडी, मातीची असेल तर तांबूस, हिरवळ असेल तर हिरवी दिसायला हवी. आता मांडवातून एक फेरी मारा आणि किती चित्रांत बंपरचा खालचा भाग तपकिरी आहे ते मोजा. गाडी पॅरिसच्या ओल्या रस्त्यावर उभी, बंपरमध्ये मात्र ॲरिझोनाचं वाळवंट! वर निळा, खाली तपकिरी, मध्ये काळी रेघ हे एअरब्रशवाल्यांचं, म्हणजे हवेच्या झोतानं रंग फवारणाऱ्यांचं, ठरून गेलेलं गणित आहे. ते कुठेही लावलं की ‘चमकतं’ आणि बघणारा ‘वा’ म्हणतो. चित्रकारानं ती गाडी त्या जागी उभी असल्याची कल्पनासुद्धा केलेली नाही, याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा नसेल.

पत्र्याचंही तेच. दरवाजाचा खालचा भाग आतल्या बाजूला वळलेला असतो, म्हणून तो आकाशाऐवजी जमीन दाखवतो. लाल गाडी हिरवळीवर उभी केली की तिच्या खालच्या पट्टीत हिरवा मिसळतो आणि लाल तिथे विटकरी-तपकिरी होतो. काळ्या गाडीला तर स्वतःचा असा रंग जवळपास नसतोच. तिच्या अंगावर दिसतो तो सगळा शेजार. पेबल बीचला सकाळी बहुधा समुद्रावरून धुकं येतं. त्या मऊ उजेडात मडगार्डवरची चमक रुंद आणि पसरट असते, तिला कडा नसते. दुपारी ऊन पडलं की तीच चमक आकसून टोकदार होते. गाडी तीच, रंगही तोच, चित्रं मात्र दोन. म्हणजे गाडी रंगवणं हे बऱ्याच अंशी गाडीभोवतालचं जग रंगवणं आहे, तेही वाकड्या आरशात. ज्याला हे ‘नुसतं उतरवणं’ वाटतं त्यानं एकदा चमचा समोर ठेवून पेन्सिल हातात घेऊन बघावी.

चाकं हा दुसरा परीक्षेचा भाग, आणि इथे भले भले घसरतात. कोनातून बघितलेलं चाक लंबवर्तुळ दिसतं. त्या लंबवर्तुळाचा छोटा अक्ष एक्सलच्या रेषेत पडला पाहिजे, म्हणजे लांब अक्ष आपोआप थोडा कलतो. नवखा माणूस लांब अक्ष सरळ उभा ठेवतो आणि चाक एक्सलवरून निसटतंय असं वाटायला लागतं. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, फक्त कुठेतरी खटकतं. पुढचं चाक वळवलेलं दाखवायचं असेल तर त्याचा अक्ष मागच्या चाकापेक्षा निराळा काढावा लागतो. टायर जमिनीला जिथे टेकतो तिथे तो किंचित चपटा हवा, आणि सावलीतला सगळ्यात काळा भाग तिथेच, रबर आणि रस्त्याच्या फटीत हवा. ते राहिलं तर दीड टनाची गाडी फुग्यासारखी तरंगते. आणि जग्वार ई-टाइपच्या तारेच्या चाकाला ७२ स्पोक असतात म्हणून ७२ रेघा ओढायच्या नसतात. जाणकार चित्रकार आधी स्पोकच्या मधला अंधार रंगवतो, मग एकमेकांना छेद देणाऱ्या थोड्याच तारांवर उजेड ठेवतो आणि बाकीचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवतो. सगळ्या ७२ मोजून काढलेलं चाक जाळीच्या झाकणासारखं मेलेलं दिसतं.

यातल्या बऱ्याच चुका येतात कुठून? फोटोतून. गर्दी असल्यामुळे माणूस गाडीपासून दोन मीटरवर उभा राहून फोनचा फोटो काढतो. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे जवळचं मडगार्ड सुजतं आणि मागचा भाग आखडतो. घरी जाऊन तो फोटो कॅनव्हासवर प्रोजेक्टरनं पाडून रेघा गिरवल्या की ती सूजही चित्रात उतरते. गाडीच्या डिझायनरनं जी लांब, ताणलेली रेषा महिनोन् महिने मातीच्या मॉडेलवर घासून मिळवली, ती लेन्सनं दोन सेकंदांत मोडली, आणि चित्रकारानं ती मोडतोड इमानेइतबारे जपली. असं चित्र फोटोशी तंतोतंत जुळतं आणि गाडीशी बेइमानी करतं. ओळखायची खूण सोपी आहे: पुढचं चाक मागच्यापेक्षा डोळ्यात भरेल इतकं मोठं असेल तर गाडी बघून नव्हे, फोन बघून काम झालंय.

याहून बारीक फसगत काळाची असते. कॉन्कूरमधली १९१० ची गाडी आज जशी दिसते तशी ती १९१० मध्ये दिसत नव्हती. तेव्हा रंग आणि व्हार्निशचे थर ब्रशनं चढत, वाळायला आठवडे लागत, आणि त्या चकाकीत हलकी पिवळसर ऊब असे. १९२३-२४ मध्ये ड्युको हे झटपट वाळणारं लॅकर आलं आणि काम दिवसांवर आलं. आजच्या दुरुस्तीत त्याच पत्र्यावर दोन घटकांचा आधुनिक क्लिअरकोट, म्हणजे पारदर्शक थर, बसतो आणि गाडी ओल्या काचेसारखी लखलखते. धातूंचीही तीच गत. गाड्यांवर क्रोम रुळलं ते १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निकेल, ज्याच्यावर किंचित पिवळी झाक असते, आणि त्याच्याही आधी पितळ. टायरमध्ये काजळी घालायला लागण्यापूर्वी टायरही पांढुरके-करडे असत. आता १९०८ च्या शर्यतीचं चित्र समोर आहे: टायर काळेकुट्ट, दिव्यांवर निळसर क्रोम, बॉनेटवर आरशासारखं आकाश. चित्रकारानं शर्यत रंगवलेली नाही. आजची रिस्टोअर केलेली गाडी जुन्या रस्त्यावर चिकटवली आहे.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग तुम्हीही अचूकतेचेच भक्त निघालात की! नाही. अचूक माहिती ही आत येण्याची पावती आहे, बक्षीस त्यापुढचं आहे. गाडी ठाऊक असल्याशिवाय ती कुठे वाकवायची ते कळत नाही, आणि न वाकवता वेग दाखवता येत नाही. फ्रान्सच्या अर्नेस्ट माँतोनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शर्यतींची लिथोग्राफ, म्हणजे दगडी छापाची चित्रं, केली, स्टेन्सिल वापरून हातानं रंगवलेली. त्यांत गाड्या पुढे ताणलेल्या, मागे धुळीच्या आणि वेगाच्या रेघा. माँतो १९०९ मध्ये गेला. त्यानंतर काही वर्षांनी लार्तीग नावाच्या फ्रेंच पोरानं ग्रां प्री शर्यतीत एक फोटो काढला. १९१२ चा म्हणून तो गाजला. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकेपर्यंत गाडी पुढे निघून गेली, आणि तो कॅमेरा फिरवत होता म्हणून चाक पुढे कललं, मागचे प्रेक्षक नि खांब मागे कलले. तांत्रिकदृष्ट्या फसलेला फोटो. आज मोटारींच्या वेगाचं प्रतीक म्हणून जगभर छापला जातो तो हाच. म्हणजे ज्या ताणाला चित्रकार आपल्या अकलेनं पोचला होता, तिथे कॅमेरा चुकून पोचला.

उलट दिशेचा दाखला घोड्यांचा आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोनं १८२१ मध्ये एप्समच्या शर्यतीतले घोडे चारही पाय ताणून हवेत तरंगताना रंगवले. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजनं कॅलिफोर्नियातच, पालो आल्टोला, ओळीनं कॅमेरे लावून सिद्ध केलं की घोड्याचे चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. जेरिको चुकला. पण त्या चित्रात घोडे धावतात, आणि मायब्रिजच्या एकेका चौकटीत ते उडी मारता मारता गोठलेत. माहिती कॅमेऱ्याकडे, धाव चित्राकडे. आदर्श हा की चित्रकाराला मायब्रिज ठाऊक असावा आणि तरीही त्यानं पाय ताणावेत.

आता विरोधकांचे मुद्दे. पहिला जाहिरातीचा. तो खरा आहे. या प्रांतातले कितीतरी लोक कंपन्यांच्या पगारावर नाहीतर एजन्सीच्या कामावर घडले. सोसायटीच्या संस्थापकांपैकी केन एबर्ट्स आधी फोर्डमध्ये डिझायनर होते. आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीनं १९५९ पासून दहा-बारा वर्षं पाँटियॅकच्या जाहिराती रंगवल्या: एक गाडी काढायचा, दुसरा माणसं नि पार्श्वभूमी. ‘वाइड-ट्रॅक’ रुंदी विकायची होती म्हणून गाडी समोरून, खालच्या नजरेतून दिसायची. माल खपवायचा हेतू लख्ख होता आणि कुणी तो लपवला नाही. पण हेतूवरून चित्राची किंमत ठरवायची तर मग कितीजण उरतील? १६७४ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं व्हॅन डे व्हेल्डे या डच चित्रकार बापलेकांना वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले. बापानं आरमारी लढायांची रेखाटनं करायची, मुलानं ती रंगवायची. राजाला आपली गलबतं दाखवायची होती, आणि दोर चुकला तर ओळखणारे दर्यावर्दी बघायला येणार होते. तेही एक प्रकारचं कंपनीचं कामच, आणि तेही दोघांत वाटलेलं. आज ती चित्रं समुद्रचित्रांचा पाया मानली जातात. आपल्याकडे रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. त्याच्या ओलिओग्राफना, म्हणजे तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रतींना, ‘कॅलेंडरकला’ म्हणून हिणवणाऱ्यांची नातवंडं आता तेच कागद लिलावात शोधतात. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठं मराठी घरांत चौकटीत लागली आणि समीक्षकांच्या लेखी बरीच वर्षं ती कलेच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत, हुसेन सिनेमाची होर्डिंगं. पोट भरण्यासाठी केलेलं काम आणि चांगलं काम ही दोन गावं नाहीत. फिट्झपॅट्रिकच्या हाताच्या गाड्या २००५ आणि २००८ मध्ये अमेरिकी टपाल तिकिटांवर आल्या, तेव्हा त्या पाँटियॅकच्या जाहिरातींचा काळ सरून तीन दशकं उलटून गेली होती.

दुसरा मुद्दा जास्त धारदार आहे आणि गाडीवाल्यांकडे त्याला उत्तर नसतं: सौंदर्य उसनं आहे. बुगाटीची रेषा ज्यानं आखली तो कलावंत. ती दुसऱ्यांदा काढणारा नकलाकार. शिवाय गाडी हीच कलाकृती असल्याचं संग्रहालयांनीही मानलंय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानं १९५१ मध्येच ‘८ ऑटोमोबाइल्स’ म्हणून आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं; त्यातल्या इटालियन चिसितालिया गाडीचं मॉडेल आज त्यांच्या कायम संग्रहात आहे, ई-टाइपही आहे. मग वर चित्राची गरज काय? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण मांडवातली निम्मी चित्रं त्याला खरोखर बळी पडतात. देखण्या गाडीचा देखणा कोन, पाठीमागे देखणा वाडा: चित्रकारानं आपल्या पदरचं काहीच घातलेलं नाही. पण उसन्या सौंदर्याचा नियम सगळ्यांना सारखा लावा. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्जनं घोड्याला जन्म दिला नव्हता. त्यानं लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टोला दीड वर्ष घोड्यांची प्रेतं टांगून, थरामागून थर सोलून रेखाटनं केली, ती १७६६ मध्ये छापली. १७६२ च्या सुमारास त्यानं व्हिसलजॅकेट नावाचा शर्यतीचा घोडा पूर्ण मापात रंगवला, मागे जमीन नाही, आकाश नाही, काही नाही. त्याच्या काळात ‘घोडेवाला चित्रकार’ हे बिरुद मानाचं नव्हतं. फ्रेंच कलालेखक फेलिबियाँनं १६६७ मध्येच उतरंड लावून ठेवली होती: सर्वांत वर पुराण-इतिहास, मग माणसांची व्यक्तिचित्रं, जनावरं त्याखाली, आणि तळाशी निर्जीव वस्तू. १९९७ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीनं तो घोडा विकत घेतला आणि आज लोक त्याच्यासमोर थबकतात. मोटारीची जागा अजून त्या उतरंडीच्या तळाशीच आहे, एवढंच. शरीराच्या आतलं ज्ञान चित्राच्या कातडीवर कसं येतं ते स्टब्जकडे दिसतं. सस्पेन्शन ठाऊक असलेल्या चित्रकाराची वळणावरची गाडी बाहेरच्या चाकांवर बसते, न ठाऊक असलेल्याची पाटासारखी सपाट राहते.

आणि गाडीवाले नि कलावाले अशा दोन जाती मुळात होत्या कुठे? एत्तोरे बुगाटीचा बाप कार्लो फर्निचरचा डिझायनर, भाऊ रेंब्रांट जनावरांचा शिल्पकार. बुगाटी रॉयाल गाडीच्या रेडिएटरवर उभा असलेला हत्ती त्याच्याच शिल्पावरून आला. रोल्स-रॉईसवरची पंखवाली बाई १९११ पासून आहे, चार्ल्स साइक्सची. फ्रेंच काचकलावंत लालिकनं काचेचे मॅस्कॉट, म्हणजे गाडीच्या नाकावरच्या छोट्या मूर्ती, केले, १९२५ मध्ये सीट्रोएनसाठी पाच घोडे. बीएमडब्ल्यूनं १९७५ मध्ये अमेरिकी शिल्पकार काल्डरकडून गाडी रंगवून घेतली आणि ती ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. १९७९ मध्ये चित्रकार वॉरहॉलनं त्यांचीच एम-१ अर्ध्या तासाच्या आत स्वतःच्या हातानं रंगवली आणि ती शर्यतीत सहावी आली. गंमत अशी की मांडवातल्या चित्रांवर नाक मुरडणारेच काल्डरच्या गाडीपुढे भक्तिभावानं उभे राहतात. कलावंताचं नाव आधी ठाऊक असलं की बघणं सोपं जातं.

तिसरा आक्षेप साधा आहे. खरी गाडी शंभर पावलांवर उभी असताना तिचं चित्र कशाला बघायचं? मला वाटतं, नेमकं त्याच कारणासाठी. कॉन्कूरमधली गाडी कधी नव्हती इतकी स्वच्छ असते. तिच्या बॉनेटखाली तेलाचा थेंब नाही, चेसिसवर चिखल नाही, सीटच्या चामड्यावर माणूस बसल्याची सुरकुती नाही. २०१८ मध्ये पेबल बीचला ‘मोटर कार्स ऑफ द राज’ असा हिंदुस्थानी संस्थानिकांच्या गाड्यांचा खास वर्ग होता. त्यातल्या गाड्यांनी शिकारीची, दरबाराची, मातीच्या रस्त्यांची धूळ खाल्लेली; हिरवळीवर त्या धुळीचा कणही शिल्लक नसतो. आयोजकांनाही हे कळतं. म्हणून तर गुरुवारी गाड्या रस्त्यावर पळवतात आणि गुण बरोबरीत सुटले तर ती फेरी पूर्ण करणाऱ्या गाडीला झुकतं माप देतात. आणि २०२४ मध्ये पहिल्यांदाच सर्वोच्च मान न दुरुस्त केलेल्या, जपून ठेवलेल्या गाडीला मिळाला: १९३४ ची बुगाटी टाइप ५९, एकेकाळी बेल्जियमच्या राजाची. तरीही उभी गाडी ती उभी गाडी. तिचा आवाज, वास, घाबरलेलं कोंबडं, मेकॅनिकच्या गॉगलवरची धूळ हे चित्रातच राहतं.

चित्रकार पीटर हेल्क याचं नाव इथे घ्यायलाच हवं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट कप शर्यती त्यानं लहानपणी पाहिल्या आणि आयुष्यभर रंगवल्या. लोकोमोबिलची १६ क्रमांकाची गाडी, चार सिलिंडर, १६ लिटरचं इंजिन, १९०८ चा कप जिंकणारी, त्यानं १९४१ मध्ये विकत घेतली आणि १९८८ मध्ये मरेपर्यंत सांभाळली. आता ती हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. त्याच्या चित्रांत गाडी पुष्कळदा धुळीत अर्धी बुडालेली असते. रस्ता तेल टाकून काळवंडलेला, कडेला लोक धोक्याच्या अंतरावर, मेकॅनिक बाहेर झुकून मागच्या टायरकडे बघतोय. गाडी घरात असताना त्यानं ती चकचकीत काढली नाही. फक्त गाडीचे गुण मोजणाऱ्याला इथे गुण कापावे लागतील, कारण निम्मे बोल्ट दिसतच नाहीत!

चौथा आक्षेप गतकाळाच्या लाडाचा, आणि तो मला पुरेपूर मान्य आहे. पेट्रोल पंप, डायनर, बाकावर म्हातारा, दारात लाल शेव्हरलेट, संध्याकाळचं केशरी ऊन. असली चित्रं मांडवाचा फार मोठा भाग खातात आणि त्यांत बघण्यासारखं काही नसतं. फक्त त्याचं कारण विषयात नाही. मुंबईची पद्मिनी टॅक्सी घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी २००० च्या आसपास बनायची थांबली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ताडदेव आरटीओत २००३ मध्ये नोंदलेली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिचं गोड चित्र काढणं सोपं आहे: गेटवे, कबुतरं, काळी-पिवळी. पण दादरला जुलैच्या पावसात उभी असलेली पद्मिनी काढायची तर वेगळं बघावं लागेल. पिवळा टप ओल्या डांबरात उतरतो आणि तिथे हिरवट दिसतो; काळं अंग मॅट झालेलं, फक्त जिथे ड्रायव्हर रोज फडका मारतो त्या बॉनेटच्या मध्यावर चमक; मागची स्प्रिंग बसल्यामुळे गाडी डिकीकडे झुकलेली; वायपर एकच. या चित्राला कुणी लाड म्हणणार नाही. जुन्या गाडीचं चित्र म्हणजे हळहळ असलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

हल्ली या सगळ्यावर एक नवा दावा ऐकू येतो: कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आता क्षणात क्रोम रंगवून देतं, तेव्हा हा धंदाच संपला. ज्यांची चित्रं वाळवंटी बंपरवर चालली होती त्यांचा नक्कीच संपला. यंत्र तेच सरासरी गणित लावतं, आणि स्पोक रिमच्या आत कुठेतरी विरघळतात. कॅमेरा आला तेव्हा पोर्ट्रेटवाल्यांतले गिरवणारे गेले, बघणारे राहिले.

तर प्रदर्शनाला गेलात तर एवढं करा. पहाटे गाड्या धुक्यातून हेडलाइट लावून हिरवळीवर येतात तेव्हा तिथे असा. एकच गाडी निवडा आणि तिच्या खालच्या पट्टीत, बंपरमध्ये, चाकाखाली काय दिसतं ते नीट बघा. दुपारी मांडवात जा. तंबूच्या पांढऱ्या कापडातून येणारा उजेड सपाट असतो आणि काचेवर झळाळी येते, म्हणून चित्रासमोर न थांबता थोडं तिरकं उभं राहा. आधी तीन मीटरवरून बघा, गाडी जमिनीवर बसलीय का. मग हातभर अंतरावरून, स्पोकमधला अंधार आणि बंपरची काळी रेघ. पुन्हा बाहेर जाऊन ती गाडी बघा. कुठल्याही संग्रहालयात ही सोय नाही: चित्र आणि विषय एकाच आवारात. आयोजकांनी मात्र या सोयीचा पार कचरा केलाय. मांडव खाण्यापिण्याच्या नि टोप्या विकण्याच्या गाळ्यांच्या रांगेत, आणि चित्राखालच्या चिठ्ठीवर गाडीचं मॉडेल, साल, किंमत. त्याऐवजी ही गाडी कुठे पाहिली, कोणत्या प्रकाशात, मूळ रंगात होती की दुरुस्त केलेली, चित्र प्रत्यक्ष बघून केलं की फोटोवरून, एवढं छापलं तरी निम्मा वाद मिटेल आणि निम्मे चित्रकार अडचणीत येतील.

विकत घ्यायचं असेल तर ‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांनी भुलू नका. ९५० प्रतींपैकी ४१२ वी, पेन्सिलीनं सही केलेली, ही शेवटी इंकजेटची छपाईच असते, कागद कितीही चांगला सुती असला तरी. प्रतीच्या समासात चित्रकारानं हातानं काढलेलं छोटं रेखाटन असेल तर गोष्ट वेगळी. त्याहून चांगलं म्हणजे टेबलाखालच्या पुठ्ठ्याच्या फायलीत पडलेली कच्ची स्केचेस मागा. ती बहुधा मांडलेली नसतात. चाकाचा अक्ष तीनदा खोडून चौथ्यांदा बसवलेला कागद त्यात सापडला, तर तोच घ्या.